बातमीचे वय

व्यापार मालाचा असतो असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. गादीवर बसणाऱ्याला मात्र ठाऊक असते की तो मालाइतकाच बातमीचाही असतो. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे बालाघाटच्या डोंगररांगांतले गाव. कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी या पिकांवर तेथील बाजाराचे चलनवलन चालते आणि ही पिके पावसावर चालतात. खरिपाच्या तोंडावर बियाणे व खते उधारीने न्यायची आणि माल घरी आल्यावर हिशेब चुकता करायचा, ही तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यामुळे मृग नक्षत्र लागले की शेतकऱ्याइतकीच दुकानदाराचीही नजर आभाळाकडे लागते. पाऊस लांबला तर वसुली लांबते, आणि वसुली लांबली तर मोठ्या पेढीला दिलेला शब्द मोडतो.

अशाच एका आडत दुकानाची ही हकीकत आहे. निदान तिचा आरंभ तेथून होतो. या दुकानाचे जुने शेठजी, ज्यांना घरात सर्व जण बापूजी म्हणतात, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या तरुणपणी दूरच्या बाजाराचा भाव तारेने येई. तार हातात पडली की दुसरा कोणीही आधी मजकूर वाचील. बापूजी आधी वेळ वाचीत. तारेच्या कागदावर दोन वेळा असत. तार कोणत्या वेळी दिली गेली ती एक, आणि इकडच्या कचेरीत ती कोणत्या वेळी पोचली ती दुसरी. पोस्टमन दारात उभा राहतो तो क्षण बातमीच्या जन्माचा नव्हे, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. सकाळी दहाला निघालेला भाव दुपारी चारला हाती आला, तर तो चारचा भाव नव्हे. मधल्या सहा तासांत बाजार कोठे गेला असेल याचा अंदाज करूनच सौदा करायचा. १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली. बापूजींची ती सवय मात्र बंद झाली नाही.

नव्या साधनांचे त्यांना वावडे नव्हते. २००० साली आशियासाठी ‘एशियास्टार’ नावाचा उपग्रह आकाशात गेला आणि ‘वर्ल्डस्पेस’ या कंपनीचा उपग्रह रेडिओ भारतात आला. पुढे काही वर्षांनी बापूजींच्या थोरल्या मुलाने, तेव्हा तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता, असा एक संच घरी आणला. लहानशी चौकोनी अँटेना माळवदाच्या कठड्यावर ठेवून ती अंशाअंशाने फिरवीत उपग्रहाचा ठाव घ्यावा लागे. खरखर नाही, कुरकुर नाही. आवाज येई तो स्वच्छ, नाहीतर मुळीच येत नसे. २००९ च्या अखेरीस ती सेवाच भारतात बंद झाली. संच चांगला होता, अँटेना चांगली होती, वायर शाबूत होती; परंतु ऐकावयास काहीच उरले नाही. तो संच आजही दुकानाच्या फडताळात जुन्या रोजकीर्द वह्यांशेजारी ठेवलेला आहे. यंत्र बिघडले तर दुरुस्त करता येते. बोलणारा गप्प झाला तर दुरुस्ती कशाची करावयाची?

हाच मुलगा पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत गेला आणि ओहायो राज्यातील कोलंबस शहरी स्थिरावला. चाळिशीनंतर त्याने हौस म्हणून वैमानिकाचा खासगी परवाना मिळविला आणि दोन मित्रांसमवेत भागीदारीत एक लहान विमान घेतले. ते एका इंजिनाचे, चार आसनांचे आणि १९७० च्या दशकात बांधलेले होते. आपल्याकडे हे ऐकून श्रीमंतीचे कौतुक होते. पण तेथे अशी जुनी विमाने तिघाचौघांत मिळून घेतात, जसे आपल्याकडे एके काळी मळणीयंत्र मिळून घेत. विमान जुने असले तरी त्याच्या पूर्वीच्या मालकाने त्यात एक नवी सोय बसविली होती. शेपटीकडच्या सामानाच्या कप्प्यामागे एक लहान पेटी, छपरावर बोटभर उंचीची अँटेना आणि वैमानिकासमोर एक पडदा. या पेटीतून दोन गोष्टी मिळत. एक, उपग्रहावरून येणारे हवामान. दुसरी, उपग्रह रेडिओवरील गाणी व बातम्या.

या सोयीचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीच्या लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणले आणि भारतीय हवाई टपालसेवेचा प्रारंभ झाला. त्या विमानात रेडिओ नव्हता. एकदा जमीन सुटली की पुढच्या मुक्कामापर्यंत वैमानिकाला जे डोळ्यांना दिसेल तेवढेच हवामान. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या सुरुवातीच्या काळात पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवावा लागे. म्हणजे आभाळाशी वाद न घालता त्याच्या सोयीने वागणे, हीच त्या काळची सुरक्षितता होती. पुढे रेडिओ आला. वैमानिक विचारू लागला आणि जमिनीवरचा माणूस सांगू लागला. रडार आले, आणि ढगाच्या पोटात पाणी किती आहे हे दुरून कळू लागले. उपग्रह आले, आणि दूरवरच्या रडारांवर दिसणारा पाऊस थेट लहान विमानाच्या पडद्यावर उतरू लागला.

अमेरिकेत ही उपग्रहसेवा ‘सिरियस एक्सएम’ या कंपनीमार्फत चालते. सिरियस व एक्सएम या दोन स्वतंत्र कंपन्या २००८ मध्ये एक झाल्या. यातील एक्सएमच्या स्थापनेच्या काळात वर्ल्डस्पेसचे भांडवल तिच्यात होते. म्हणजे नांदूरघाटच्या फडताळातील मुका संच आणि ओहायोतील विमानातील पेटी ही लांबच्या नात्यातील भावंडेच म्हणावयाची. एक्सएमचे पहिले दोन उपग्रह २००१ मध्ये सोडले गेले आणि त्यांची नावे गमतीने ‘रॉक’ व ‘रोल’ अशी ठेवली होती. असे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या गतीने फिरतात, म्हणून ते आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखे असतात. इतक्या लांबून येणारा संदेश अत्यंत क्षीण असतो. त्याला पत्र्याचे छप्पर चालत नाही, पाण्याचा थेंब चालत नाही, सैल जोड चालत नाही.

बापूजी आणि त्यांच्या पत्नी एका जून महिन्यात मुलाकडे गेले तेव्हा नेमकी हीच सोय बंद पडलेली होती. पडद्यावर नकाशा दिसे, विमानाची जागा दिसे. परंतु पावसाचे हिरवे-पिवळे-तांबडे डाग दिसत नसत आणि कानावरच्या हेडफोनमध्ये रेडिओचा आवाज नसे. त्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी शिकागोजवळ बापूजींच्या भाचीच्या मुलीचा साखरपुडा होता. रस्त्याने पाचशे सत्तर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सहा तास. विमानाने अडीच तास. वडिलांना आपल्या विमानातून न्यावे, ही मुलाची मनापासूनची इच्छा होती. नांदूरघाटहून केजला जाण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर एसटीची वाट पाहिली, त्यांना इंडियानाच्या मक्याच्या शेतांवरून घेऊन जावे, हे स्वप्न त्याने परवाना मिळाला त्या दिवशीच पाहिले होते. जून हा तेथे गडगडाटी वादळांचा महिना. हवामानाच्या पडद्याशिवाय वृद्ध आई-वडिलांना घेऊन उडावयाचे नाही, असे त्याने व त्याच्या पत्नीने ठरविले होते. म्हणून दुरुस्तीला दोनच शनिवार उरले होते.

पहिल्या शनिवारी त्याने सोप्या शंकेपासून सुरुवात केली. ही सेवा महिन्याच्या वर्गणीवर चालते. बँकेचे जुने कार्ड मुदत संपून रद्द झाले होते आणि वर्गणी थांबली होती. फोनवरून ती पुन्हा चालू केली. येथे एक बारकावा आहे. त्या एकाच पेटीत दोन स्वतंत्र ग्राहक क्रमांक असतात, एक आवाजाचा व एक हवामानाचा. एकाची वर्गणी भरली म्हणून दुसरे चालू होत नाही. बचत खात्यात पैसे भरले म्हणून कर्जाचा हप्ता आपोआप फिटत नाही, तसेच हे. दोन्ही क्रमांक देऊन झाल्यावर कंपनी उपग्रहामार्फत त्या पेटीला ‘चालू हो’ असा आदेश पाठविते. तो आदेश ऐकण्यासाठी पेटी सुरू असावी लागते आणि आकाश मोकळे असावे लागते. हँगरला पत्र्याचे छप्पर. म्हणून मुलाने व बापूजींनी मिळून विमान हाताने ओढून बाहेर आणले आणि दक्षिणेकडचे आकाश मोकळे राहील अशा जागी उभे केले. तेथून विषुववृत्तावरचे उपग्रह दक्षिणेलाच असतात. त्या बाजूला झाड किंवा इमारत असेल तर आदेश अडतो.

बराच वेळ वाट पाहिल्यावर हेडफोनमध्ये गाण्याची एक ओळ उमटली आणि तुटली. पुन्हा उमटली, पुन्हा तुटली. हवामान आलेच नाही. पडद्यावर संदेशाची ताकद दाखविणाऱ्या पट्ट्यांपैकी एकच पट्टी मिणमिणत होती. म्हणजे वर्गणीचा प्रश्न सुटला होता, पण तो एकटाच प्रश्न नव्हता. बिघाड दोन असले की पहिला सापडल्यावर मनुष्य थांबतो, आणि दुसरा तसाच राहतो. हिशेबात शंभर रुपयांचा फरक असताना नव्वदची चूक सापडली, तर उरलेल्या दहासाठी रात्र जागवणारा कारकूनच खरा कारकून.

दुसऱ्या शनिवारी परवानाधारक विमान-तंत्रज्ञ आला. तेथील नियमाप्रमाणे मालक-वैमानिकाला काही किरकोळ कामे स्वतः करता येतात. परंतु अशा अँटेनाच्या जोडणीला तंत्रज्ञाचा हात आणि विमानाच्या नोंदवहीत त्याची सही लागते. हा गृहस्थ बोलायला कमी आणि हाताने सावकाश. त्याने पेटी उघडली नाही. आधी विजेचा पुरवठा तपासला, तो बरोबर होता. मग पेटीमागची जुनी वायर सोडवून त्याने आपल्याजवळची चांगली वायर व एक सुटी अँटेना जोडली आणि ती अँटेना विमानाच्या छपरावर नुसती ठेवली. क्षणार्धात सर्व पट्ट्या उजळल्या. म्हणजे पेटी निर्दोष. दोष जुन्या वायरीत किंवा जुन्या अँटेनात. वादाचे निम्मे क्षेत्र एका कृतीत बाद झाले. बापूजींनी मान डोलावली. खतावणीतील फरक शोधताना आधी बेरजा निम्म्यावर तोडून पाहाव्यात, ही रीत त्यांना परिचयाची होती.

छताचे अस्तर काढल्यावर कारण दिसले. अँटेनाच्या बुडाशी पाणी अडविणारे जे रबरी लुकण असते ते वर्षानुवर्षांच्या उन्हाने तडकले होते. त्या चिरेतून पावसाचे पाणी थेंबाथेंबाने आत शिरून वायरीच्या टोकाशी साचले होते. जोड उघडला तेव्हा आतल्या तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक चढला होता. तंत्रज्ञाने खराब भाग कापून टाकला, नवा जोड बसविला, अँटेनाच्या बुडाखालची धातूची जागा घासून स्वच्छ केली, नवे लुकण लावले आणि ते वाळेपर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही. हजारो किलोमीटरचे अंतर कापून आलेला संदेश शेवटच्या दोन इंचांत अडत होता. मोठमोठे व्यवहार कोठे अडतात याचा अनुभव असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

विमान पुन्हा उन्हात उभे केले. आवाज आधी आला, स्वच्छ आणि अखंड. हवामान हळूहळू आले. आधी विमानतळांवरची निरीक्षणे, मग वारे, मग विजांच्या खुणा आणि शेवटी रडारचे रंगीत चित्र. इलिनॉय राज्यावर एक पिवळा-तांबडा पट्टा दिसत होता. मुलाचा चेहरा उजळला. त्याने पडद्याच्या कोपऱ्यातील आकड्यावर बोट ठेवून सांगितले, “बापूजी, हे चित्र तीन मिनिटांपूर्वीचे आहे.”

बापूजींनी चष्मा नीट केला आणि विचारले, “तीन मिनिटे कोणाची? तार दिल्याची की तार पोचल्याची?”

मुलाला प्रश्न आधी उमगला नाही. बापूजींनी उलगडून सांगितले, “पाऊस ज्याने पाहिला, त्याने तो कधी पाहिला? आणि चित्र ज्याने तयार केले, त्याने ते कधी केले? हा आकडा यातील कोणाचा?”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. याचे उत्तर त्याने परवान्याच्या अभ्यासात वाचले होते; परंतु दुरुस्तीच्या आनंदात ते मागे पडले होते. अमेरिकेत हवामान खात्याच्या रडारांचे सुमारे १६० केंद्रांचे जाळे आहे. प्रत्येक रडार आपल्याभोवतीचे आभाळ निरनिराळ्या उंचीवर फिरून पाहते; त्या एका फेरीला चार-पाच ते दहा मिनिटे लागतात. मग सर्व रडारांची निरीक्षणे एकत्र जुळवून देशाचे एक चित्र तयार होते. मग ते उपग्रहाकडे जाते, तेथून विमानात येते. पडद्यावरचा आकडा हे जुळवलेले चित्र तयार झाल्यापासूनची मिनिटे मोजतो. रडारने पाऊस पाहिल्यापासूनची नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०१२ मध्ये वैमानिकांसाठी याच विषयावर स्वतंत्र इशारा प्रसिद्ध केला. पडद्यावर दिसणाऱ्या वयापेक्षा प्रत्यक्ष निरीक्षण काही प्रसंगी पंधरा ते वीस मिनिटांनी अधिक जुने असू शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्राणहानी झालेल्या दोन अपघातांचे दाखलेही त्यात दिले आहेत.

वीस मिनिटे म्हणजे काय, याचा हिशेब बापूजींनी तेथेच बोटांवर केला. वादळ ताशी साठ किलोमीटरने सरकत असेल तर वीस मिनिटांत ते वीस किलोमीटर पुढे गेलेले असते. समोरून विमान ताशी दोनशेच्या वेगाने येत असेल तर तेवढ्याच वेळात ते सहासष्ट किलोमीटर जवळ आलेले असते. पडद्यावर जी फट मोकळी दिसते, ती वीस मिनिटांपूर्वी मोकळी होती. आता तेथे काय आहे हे पडदा सांगत नाही. म्हणूनच तेथील वैमानिकांना शिकवतात की या चित्राचा उपयोग वादळाला दुरून वळसा घालण्यासाठी करावा, दोन ढगांच्या मधली वाट शोधण्यासाठी करू नये, आणि तीव्र वादळापासून निदान वीस मैल दूर राहावे. जमिनीवरील मनोऱ्यांवरून मोफत मिळणारे हवामान हीही तेथे आणखी एक सोय आहे. पण तिच्यातील रडारचित्रालाही हाच नियम लागू पडतो.

“म्हणजे दुरुस्त झाले ते यंत्र,” बापूजी म्हणाले, “बातमीचे वय आपल्यालाच मोजावे लागणार.”

साखरपुड्याच्या शनिवारी पहाटे कोलंबसवर आभाळ निरभ्र होते. सामान विमानात ठेवून झाले होते. पडदा उत्तम चालत होता, रेडिओ गात होता. पडद्यावर इंडियानाच्या पश्चिम सीमेवर वादळांची एक रांग उत्तर-दक्षिण पसरली होती आणि तिच्या मधोमध पन्नासेक किलोमीटरची मोकळी वाट दिसत होती. मुलाने दर पाच मिनिटांनी बदलणारी चित्रे अर्धा तास पाहिली. वाट कधी रुंदावत होती, कधी आकसत होती. हवामान कचेरीला फोन केला. दुपारपर्यंत रांग पूर्वेकडे सरकेल आणि वाढेल, असे उत्तर आले. मुलाच्या मनाची ओढाताण कोणालाही दिसावी अशी होती. दोन शनिवारांची मेहनत, तंत्रज्ञाचे बिल, वडिलांचे वय. पुन्हा ते येतील न येतील. आणि तेथे खोळंबलेले नातेवाईक. आई काही बोलली नाही. सूनबाईंनी मोटारीच्या किल्ल्या टेबलावर आणून ठेवल्या आणि त्याही काही बोलल्या नाहीत.

मुलाने वडिलांकडे पाहिले. बापूजी म्हणाले, “विमान तुझे, परवाना तुझा, निर्णयही तुझाच. मी म्हणालो म्हणून उडू नकोस, आणि मी घाबरेन म्हणून थांबूही नकोस. या वाटेची बातमी किती जुनी आहे ते मोज आणि मग सांग.”

मुलाने मोजले. मग सामान उतरवून मोटारीत ठेवले.

मोटारीने जाताना इंडियानात त्यांना पावसाने गाठले. काचेवर गारा आपटल्या, पुढचे काही दिसेना, म्हणून पेट्रोल पंपाच्या छपराखाली पाऊण तास थांबावे लागले. विमानाने गेले असते तर ते या रांगेच्या कोणत्या बाजूला असते, हे कोणी सांगू शकत नाही. कदाचित सुखरूप पलीकडे पोचलेही असते. टळलेल्या नुकसानाची पावती कधी मिळत नाही. व्यवहारातला हा सर्वांत अवघड धडा आहे. कर्ज नाकारलेल्या प्रकरणाचे पुढे काय झाले असते, हे कोणत्याही वहीत लिहिलेले सापडत नाही. साखरपुड्याला मंडळी दोन तास उशिरा पोचली. विधी होऊन गेले होते, जेवणाची पंगत मात्र त्यांच्यासाठी थांबली होती. भाचीने थोडा रुसवा केला आणि मग गारांची हकीकत ऐकून तो सोडून दिला.

बापूजी विमानात बसले ते नंतरच्या बुधवारी, सकाळी. आभाळ धुतल्यासारखे, चारी दिशांना पडदा कोरा. चाळीस मिनिटांची एक फेरी झाली. खाली मक्याचे व सोयाबीनचे चौकोन पाहून त्यांनी मुलाला विचारले, इकडच्या सोयाबीनची पेरणी आपल्याआधी होते का? हेडफोनमध्ये कोणते तरी अनोळखी वाद्यसंगीत चालू होते. ते त्यांनी बंद करावयास सांगितले नाही. आवाज अखंड येतो आहे, एवढ्याचेच त्यांना समाधान होते.

नांदूरघाटच्या वाचकाला हे सर्व दूरदेशीचे वाटू नये. मराठवाड्यानेही आभाळात बातमी शोधणारी विमाने पाहिली आहेत. २०१५ च्या दुष्काळात ऑगस्ट महिन्यात औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून कृत्रिम पावसासाठी विमान उडाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तसा प्रयोग झाला. त्यासाठी शहरात रडार बसविले होते. रडार योग्य ढग हेरी, आणि रेडिओवरून वैमानिकाला त्याचा पत्ता कळे. पावसाळी ढगाचे आयुष्य कित्येकदा अर्धा-पाऊण तासाचे. पत्ता उशिरा कळला तर विमान पोचेपर्यंत ढग विरून जातो. म्हणजे तेथेही प्रश्न बातमीच्या वयाचाच होता. २०१५ च्या प्रयत्नानंतरही पाण्याचे दुर्भिक्ष टळले नाही. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे या भागातील आबालवृद्धांच्या स्मरणात आहे.

आज गावोगावी हातातील फोनवर हवामान पोचते. आपल्या इन्सॅट मालिकेतील ३डीआर व २०२४ मध्ये सोडलेला ३डीएस हे उपग्रह ढगांची चित्रे पाठवितात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे उपयोजन आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देते, आणि शेतात काम करणाऱ्याला ती मिनिटे जिवाच्या मोलाची असतात. सोय अशी की बापूजींच्या तरुणपणी कोणी सांगितली असती तर खरी वाटली नसती. पण या सोयीबरोबर एक नवा घोटाळाही आला आहे. पहिल्या पावसाच्या सुमारास गटागटांतून पुराची, गारपिटीची चलचित्रे फिरू लागतात. त्यांतील कित्येक मागच्या सालची, कित्येक परक्या गावची असतात. ती पाहून कोणी पेरणीची घाई करतो, कोणी हातचा माल पडत्या भावाने काढून टाकतो. तारेच्या कागदावर निदान दोन वेळा छापलेल्या असत. या चित्रांवर बहुधा एकच वेळ असते, ती पुढे पाठविल्याची, पाहिल्याची नसते.

बापूजी गावी परतल्यावर आता नातू दुकानात बसतो. भाव त्याच्या फोनवर येतो, पाऊसही फोनवर येतो. आजोबा गादीच्या कडेला लोडाला टेकून बसलेले असतात. नातवाने उत्साहाने काही वाचून दाखविले की ते पूर्ण ऐकून घेतात, मग शांतपणे एकच विचारतात. नातू आधी हसत असे. आता विचारण्याआधीच तो बातमीखालची तारीख व वेळ शोधतो, आणि ती सापडली नाही तर केजला किंवा बीडला ओळखीच्या माणसाला फोन लावून विचारतो, “तिकडे आत्ता काय आहे?”